चामड्याची सायकल सीट निवडताना: रुंदी, जाडी आणि नाशिकचा पावसाळा

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. आपण गंगापूर रोडवरून सातपूरच्या कारखान्यात रोज सायकलने जाता, रविवारी त्र्यंबकेश्वरपर्यंत फेरी असते आणि येत्या हिवाळ्यात 200 किलोमीटरची पहिली ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब अंतराची फेरी, करण्याचा आपला विचार आहे. वय 46, वजन 84 किलो, सायकल हायब्रिड, म्हणजे साधी आणि शर्यतीची यांच्या मधली. तिच्यावरची फोमची सीट दोन वर्षांत दबून गेली, म्हणून आता चामड्याची घ्यायची आहे. परंतु ब्रूक्स या इंग्लिश कंपनीची साधी बी17, तिचाच मधोमध खाच असलेला कार्व्हड प्रकार, स्प्रिंगची फ्लायर आणि 'शुद्ध लेदर' म्हणून विकली जाणारी एक स्वस्त सीट, या चार पर्यायांत निर्णय होत नाही. यांतली आरामाची कोणती आणि टिकणारी कोणती, असे आपण विचारले आहे.

मी नाशिकमध्ये 24 वर्षे सायकली दुरुस्त करतो आहे आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे लोकांच्या शरीराला सायकल बसवून देण्याचे काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो, की आपल्यासाठी साधी बी17 हीच योग्य ठरण्याची शक्यता अधिक आहे, पण तिचे पैसे भरण्यापूर्वी आपल्या बैठकीच्या हाडांमधले अंतर मोजून घ्या. चामड्याच्या सीटमध्ये मऊपणा मागाहून येतो. रुंदी मात्र पहिल्या दिवशी जी असते तीच शेवटपर्यंत राहते. दुकानात अंगठ्याने दाबून जी मऊ लागली ती सीट घेतली, आणि वर्षभराने ती झोळीसारखी लोंबली म्हणून घेऊन आले, असे ग्राहक मी दर वर्षी पाहतो.

फोमची सीट आणि चामड्याची सीट या मुळात वेगळ्या तत्त्वावर चालतात. फोमच्या सीटमध्ये खाली प्लास्टिकचे कवच, त्यावर गादी आणि वर आवरण असते. आपला भार ती गादी दाबून पेलते आणि गादीतला फोम थकला की हाडे थेट कवचावर येतात. चामड्याच्या खऱ्या सीटमध्ये गादी नसतेच. साधारण पाच मिलिमीटर जाडीचा चामड्याचा एकच तुकडा मागच्या लोखंडी पट्टीला आणि पुढच्या नाकाला रिव्हेटने ठोकून, झोपाळ्याच्या कापडासारखा ताणून बसवलेला असतो. भार पडला की तो तुकडा हाडांच्या खाली किंचित खचतो, बाकी ठिकाणी ताठ राहतो, आणि खाली मोकळी जागा असल्याने हवाही खेळते.

हे कसे घडते हे समजण्यासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही, कोल्हापुरी चप्पल आठवावी. हिरडा आणि बाभळीची साल यांसारख्या वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेले ते कातडे पहिले काही दिवस पायाला चावते, नंतर टाच आणि अंगठा यांचे ठसे घेते आणि मग ती चप्पल दुसऱ्या कोणाच्या पायात नीट बसत नाही. सीटचे चामडेही वनस्पतिजन्य रसांनीच कमावलेले असते, कारण तसे चामडे ताठ असते, ऊब, घाम आणि दाब यांनी हळूहळू आकार घेते आणि घेतलेला आकार धरून ठेवते. क्रोमने कमावलेले चामडे, जे पर्स, जाकिटे आणि सोफे यांना वापरतात, ते सुरुवातीपासून मऊ असते आणि ताणले की ताणलेलेच राहते. म्हणून झोपाळ्यासारख्या सीटला ते कामाचे नाही.

यावरून आपल्या यादीतल्या चौथ्या पर्यायाचा निकाल लगेच लागतो. ती सीट उलटी करून पाहा. खाली प्लास्टिकचे कवच दिसले, तर ती फोमचीच सीट आहे आणि तिच्यावर चामड्याचे पातळ आवरण आहे; 'शुद्ध लेदर' हे शब्द आवरणापुरते खरे असतील, पण तिचे आयुष्य फोमच ठरवणार. खऱ्या सीटच्या खालून चामड्याची खरखरीत, तंतूंची बाजू उघडी दिसते, कडा कापलेली असते तिथे जाडी डोळ्यांनी मोजता येते आणि नाकाखाली ताण वाढवण्याचा बोल्ट असतो. काही स्वस्त सीट या कसोटीत उतरतात, पण त्यांचे चामडे तीन मिलिमीटरच्या आसपास असते. 55 किलोच्या माणसाला ती कदाचित काही वर्षे साथ देईल, परंतु 84 किलोंच्या भाराखाली ती पहिल्या उन्हाळ्यातच खचेल. आपण ती घेऊ नये.

आता रुंदीकडे येतो. आपण बसतो ती हाडे म्हणजे माकडहाड नव्हे. बरेच जण बोट त्याच्याकडेच दाखवतात. माकडहाडावर भार येत असेल तर सायकलीवरची बैठकच चुकलेली आहे. ओटीपोटाच्या तळाशी डावीकडे आणि उजवीकडे दोन उंचवटे असतात, भार त्यांच्यावर यायला हवा. मोजण्यासाठी खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा घ्यावा, तो जिन्याच्या फरशीच्या पायरीवर ठेवावा, पातळ कपड्यांत त्याच्यावर बसावे, सायकलीवर झुकतो तेवढे पुढे झुकावे आणि गुडघे हातांनी जवळ ओढून मिनिटभर थांबावे. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. पेनने त्यांच्या मध्यावर ठिपके देऊन अंतर मोजावे. एकदा मोजून विश्वास ठेवू नये, तीन वेळा मोजावे. बहुतेकांचे अंतर 100 ते 150 मिलिमीटरच्या दरम्यान येते, आणि स्त्रियांचे सरासरीने पुरुषांपेक्षा काहीसे अधिक असते.

फोमच्या सीटसाठी या अंतरात 20 ते 30 मिलिमीटर मिळवून रुंदी ठरवतात. चामड्याच्या सीटला हा हिशेब जसाच्या तसा लावला की चूक होते. इथे मागच्या काठाखाली लोखंडी पट्टी असते आणि तिच्यावरचे चामडे खचत नाही. हाडे त्या पट्टीवर किंवा रिव्हेटवर टेकली, तर पाच हजार किलोमीटर चालवूनही ती सीट मऊ होणार नाही, कारण आपण चामड्यावर बसलेलोच नसतो. हाडे पट्टीच्या पुढे आणि दोन्ही कडांच्या आत, जिथे खाली मोकळी जागा आहे तिथे पडली पाहिजेत. म्हणून छापलेल्या रुंदीपेक्षा उपयोगाची रुंदी नेहमी कमी असते. बी17ची रुंदी सुमारे 170 ते 175 मिलिमीटर असते, आणि माझ्या अनुभवात ती 105 ते 130 मिलिमीटर अंतराच्या माणसाला चांगली बसते. आपले माप याच्या आत आले तर निर्धास्तपणे घ्या. ते 100च्या खाली आले आणि हँडल बरेच खाली असेल, तर हिचाच सुमारे 150 मिलिमीटरचा अरुंद प्रकार पाहावा.

रुंदीला बैठकीची जोड द्यावी लागते. माणूस सरळ बसतो तेव्हा ओटीपोट मागे झुकते आणि हाडांचा मागचा, अधिक रुंद भाग सीटवर येतो. पुढे वाकला की ओटीपोट पुढे फिरते आणि टेकणारा भाग अरुंद होत जातो. मेन रोडवर किंवा भद्रकालीत दूध पोहोचवणाऱ्या सायकलीची सीट रुंद, तीन स्प्रिंगची का असते आणि शर्यतीच्या सायकलीची सुरीसारखी का असते, याचे कारण एवढेच आहे. आपली हायब्रिड या दोन्हींच्या मधली आहे आणि बी17 नेमकी याच बैठकीसाठी, म्हणजे हँडल सीटच्या पातळीला किंवा थोडे वर असलेल्या सायकलीसाठी उत्तम आहे. बर्मिंगहॅमच्या ब्रूक्सने सीटचे पहिले पेटंट 1882 मध्ये घेतले, आणि बी17 एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून फारशी न बदलता बनते आहे. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांच्या सायकलीवर ती जगभर दिसते, ती या मधल्या बैठकीमुळेच.

स्प्रिंगच्या फ्लायरबद्दल माझे मत सांगतो. वरचे चामडे आणि आकार बी17चाच असतो, फक्त मागे दोन स्प्रिंगा येतात आणि वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास वाढते. त्र्यंबक रोडवर डांबर चांगले आहे तिथे स्प्रिंगचा उपयोग जवळजवळ नाही, उलट चढावर जोर लावताना सीट खाली-वर हलते आणि लांब अंतरावर त्या हालचालीने मांडीच्या आतली त्वचा सोलवटते. रोजचा रस्ता खड्ड्यांचा असेल, पाठ सरळ ठेवून बसण्याची सवय असेल किंवा कमरेचे जुने दुखणे असेल, तर मात्र मी स्वतः फ्लायरच सुचवतो. आपण यांतले काहीच लिहिलेले नाही. सायकलीला थोडे रुंद टायर बसत असतील, तर त्यांतली हवा जरा कमी ठेवून तोच आराम कमी पैशांत मिळतो.

मधोमध खाच असलेली सीट ही नाजूक भागावर दाब येणाऱ्यांसाठी आहे. सीटवर अर्धा-पाऊण तास बसल्यावर त्या भागाला बधिरता येत असेल, तर तिचा विचार जरूर करावा; पण आधी सीटचे नाक वर उचललेले नाही ना आणि सीट गरजेपेक्षा उंच नाही ना, हे तपासावे, कारण माझ्याकडे आलेल्या बधिरतेच्या बहुतेक तक्रारी या दोन दुरुस्त्यांनीच गेल्या आहेत. तरीही बधिरता राहिली, तर सीट बदलत बसण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे. टिकाऊपणाच्या दृष्टीने खाच ही कमजोरीच आहे. ताणलेल्या चामड्यातून मधला तुकडा काढला की दोन्ही बाजू बाहेर पसरू पाहतात, म्हणून अशा सीटच्या कडा खालून दोरीने एकमेकींना बांधलेल्या असतात. आपल्या वजनाला ती दोरी काही वर्षांत पुन्हा आवळावी लागेल. बधिरतेचा त्रास नसताना खाच घेणे मला पटत नाही.

आपल्या यादीत नसलेले एक नाव टिकाऊपणासाठी सांगणे आवश्यक वाटते. फ्रान्सच्या जिल बर्थू यांच्या सीटमध्ये चामडे रिव्हेटऐवजी स्क्रूने बसवलेले असते, त्यामुळे पुढेमागे चामडे संपले तर सांगाडा ठेवून फक्त वरचा तुकडा बदलता येतो. चामडे जाड आणि विलक्षण ताठ असते, बसायला वेळ लागतो, आणि भारतात मागवताना किंमत बी17पेक्षा बरीच वर जाते. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालवणाऱ्याला ती परवडते. आपल्याला आज तिची गरज नाही. चामडे वापरायचेच नसेल त्यांच्यासाठी ब्रूक्सचीच रबर आणि कापडाची कॅम्बियम आहे; तिला पावसाचे भय नाही, पण ती शरीराचा ठसा घेत नाही, त्यामुळे पहिल्या फेरीला जशी लागली तशीच ती नेहमी लागेल.

आता पावसाळ्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण नाशिकमध्ये चामड्याची सीट चालवून झिजण्यापेक्षा भिजून अधिक मरते. गेल्या सप्टेंबरमध्ये एक सीट माझ्याकडे आली. वरून ती सुरेख दिसत होती, मालकाने दर रविवारी पॉलिश करून तिला आरशासारखी चमक आणली होती. मी ती उलटी केली. खालचे तंतू कुजलेल्या सुंभासारखे सुटून उभे राहिले होते, सीटखालच्या दोन रेलच्या, म्हणजे धातूच्या दांड्यांच्या, मधे इगतपुरीकडच्या लाल मातीचा थर वाळून बसला होता, त्यावर पांढरी बुरशी होती आणि नाकाजवळच्या रिव्हेटभोवती चंद्रकोरीसारखी भेग गेली होती. त्या सायकलीला मागचे मडगार्ड नव्हते. पाऊस वरून पडतो तेव्हा सीटवर आपण बसलेले असतो, पण मागचे चाक रस्त्यावरचे पाणी आणि चिखल सरळ सीटच्या पोटात मारते, आणि पोटाच्या बाजूला चामड्याला कोणतेही संरक्षक लेपन नसते. म्हणून चामड्याची सीट घेणाऱ्याला मी आधी पूर्ण लांबीचे मागचे मडगार्ड घ्यायला सांगतो. सीटच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे.

सायकल कारखान्याच्या आवारात उघड्यावर उभी राहत असेल, तर सीटवर जलरोधक टोपी किंवा साधी प्लास्टिकची पिशवी घालावी, परंतु घरी आल्यावर ती काढलीच पाहिजे, नाहीतर आतल्या दमटपणाने बुरशी धरते. सीट भिजलीच तर कोरड्या फडक्याने टिपून सावलीत, वारा लागेल अशा जागी दोन दिवस वाळू द्यावी. उन्हात, हेअर ड्रायरने किंवा गॅसजवळ वाळवलेले चामडे आक्रसते आणि तडकते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चिंब भिजलेल्या सीटवर बसून पुढे जाऊ नये, कारण ओले चामडे एका फेरीत जेवढे ताणले जाते तेवढे कोरडे चामडे अनेक वर्षांत ताणले जात नाही. वाटेत गाठले गेलात आणि थांबणे शक्य नसेल, तर घरी आल्यावर ती सीट पूर्ण वाळेपर्यंत सायकल चालवू नये आणि ओली असताना बोल्टला हात लावू नये.

तेलाबाबत मी स्वतः चूक केलेली आहे. माझी पहिली चामड्याची सीट लवकर मऊ व्हावी म्हणून, कामातल्याच एका जाणत्या माणसाच्या सल्ल्यावरून, मी ती रात्रभर एरंडेल तेलात भिजवली. आठवडाभर ती गादीसारखी वाटली. तिसऱ्या महिन्यात मधला भाग खाली गेला, दोन्ही कडा कानांसारख्या बाहेर आल्या आणि मांड्यांना घासू लागल्या. मी बोल्ट आवळत गेलो, शेवटी आटे संपले आणि सीट टाकून द्यावी लागली. तेलाने चामड्यातले तंतू एकमेकांवरून घसरू लागतात आणि ताण धरण्याची त्यांची ताकद निघून जाते. खोबरेल, एरंडेल, बुटाचे पातळ पॉलिश, इंजिन ऑइल यांतले काहीही लावू नये. ब्रूक्सचे प्रूफाइड किंवा तसेच चरबी आणि मेण यांचे घट्ट मलम वापरावे. सीट नवी असताना वरून पातळ हात आणि खालच्या बाजूला थोडा जाड हात द्यावा, रात्रभर मुरू देऊन सकाळी फडक्याने पुसावे. त्यानंतर वर्षातून दोन वेळा पुरे, एकदा मे महिन्याच्या शेवटी पाऊस लागण्यापूर्वी आणि एकदा पाऊस संपल्यावर. नाशिकच्या कोरड्या थंडीत कडा पांढुरक्या दिसू लागल्या, तर त्या कडांपुरता आणखी एक हात द्यावा.

नाकाखालच्या बोल्टविषयीही लोकांचा गैरसमज असतो. तो सीट कडक किंवा मऊ करण्याचा स्क्रू नव्हे. चामडे वर्षानुवर्षे ताणल्यावर आलेले ढिलेपण काढण्यासाठी तो दिलेला असतो. नव्या सीटला पहिले वर्षभर पाना लावूच नये. नंतर हाताने मधोमध दाबल्यावर ती नेहमीपेक्षा स्पष्टपणे खोल जात असेल, तर पाव आटा फिरवावा आणि पुढचे काही शे किलोमीटर चालवून पाहावे. एका वेळी अर्ध्या आट्याच्या पुढे जाऊ नये. जास्त आवळली की रिव्हेटच्या भोकांपाशी चामडे फाटते आणि त्यावर उपाय नाही. करकर आवाज येत असेल तर तो बहुधा रेल जिथे सांगाड्यात बसतात तिथून येतो, आणि तिथे यंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. चामड्यावर तो सांडू देऊ नये.

कडा बाहेर पसरल्या असतील तर दोन्ही बाजूंना छिद्रे पाडून खालून दोरीने बांधता येते. हे काम आपल्या भागातला चप्पल-बूट शिवणारा गटई कारागीर माझ्यापेक्षा सफाईने करतो. त्याच्याकडे योग्य आरी असते, आणि चामडे कोणत्या दिशेने फाटेल हे त्याच्या हाताला कळते. माझ्या दुकानातल्या तीन सीट मी अशाच पुन्हा उभ्या केल्या आहेत.

बसवताना दोन गोष्टी आठवणीने कराव्यात. चामड्याच्या सीटचे रेल तुलनेने आखूड असतात, त्यामुळे ती फोमच्या सीटइतकी मागे सरकत नाही. सीट ज्या नळीवर बसते ती सीट पोस्ट सरळ दांड्याची असेल, तर सीट पुढे आल्यासारखी वाटते आणि हातांवर भार पडतो. तसे झाल्यास मागे वळलेल्या डोक्याची सीट पोस्ट घ्यावी. दुसरे म्हणजे पातळी. चामडे मधे खचणार असल्याने वरून लांब पट्टी ठेवून सपाटी पाहिली तरी ती फसवते. सुरुवात सपाट करावी, पुढे घसरत आहोत असे वाटले तर नाक अगदी थोडे, एक-दोन मिलिमीटर, वर करावे, आणि बदल एका वेळी एकच करून निदान दोन फेऱ्या तशाच काढाव्यात.

सीट अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे 500 ते 1000 किलोमीटर लागतात. माझी सध्याची बी17 मी 2009 मध्ये घेतली. नवी असताना ती अक्षरशः पाटासारखी होती. आज तिच्यावर उजेड तिरपा पडला की दोन लंबगोल खळगे दिसतात, डावा उजव्यापेक्षा किंचित खोल, कारण माझा डावा पाय थोडा आखूड आहे आणि ओटीपोट त्या बाजूला झुकते. सीटने ते माझ्याआधी ओळखले होते. पुढे बुटाच्या तळाशी असलेल्या, पायडलमध्ये अडकणाऱ्या क्लीटला पातळ चकती लावून मी ते दुरुस्त केले. खळग्यांच्या तळाशी अंगठा दाबला तर चामडे अजून परत उसळी घेते, आणि तेवढे असेपर्यंत मी ती बदलणार नाही. लवकर मऊ लागावी म्हणून आधीच मऊ केलेल्या चामड्याच्या सीटही मिळतात, पण जे मऊपण आपण आधी विकत घेतो ते तिच्या आयुष्यातून वजा होते. आपल्या वजनाला ताठ, साधे चामडेच घ्यावे.

वेळेचाही हिशेब सांगतो. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून आपल्या शहरात लांब अंतराच्या फेऱ्यांचे प्रमाण खूप वाढले आणि ब्रेव्हेच्या आदल्या आठवड्यात नवी सीट बसवायला येणारेही वाढले. त्यांना मी परत पाठवतो. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, आणि न सरावलेल्या चामड्यावर त्यातले शेवटचे पाच तास असह्य होतात. आपण दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर सीट घ्यावी. पहिले दोन आठवडे फक्त कारखान्याची ये-जा करावी, मग रविवारी गंगापूर धरणापर्यंत, मग त्र्यंबक, मग वणीपर्यंत असे अंतर वाढवावे. आपल्या ये-जा आणि रविवार मिळून दोन-अडीच महिन्यांत 800 किलोमीटर सहज होतात, म्हणजे जानेवारीच्या ब्रेव्हेला सीट तयार असेल. तोपर्यंत जुनी फोमची सीट फेकू नका. एखाद्या दिवशी फार दुखले तर दोन दिवस ती चढवून पुन्हा चामड्याकडे यावे. सीट पोस्टवर उंचीची खूण चिकटपट्टीने करून ठेवली की अदलाबदल पाच मिनिटांत होते. चामड्याची सीट फोमपेक्षा वेगळ्या उंचीची असते, म्हणून दोन्ही सीटसाठी दोन वेगळ्या खुणा कराव्यात.

पुठ्ठ्यावरचे माप 130च्या पुढे आले तर मला कळवा. त्या स्थितीत बी17 ऐवजी सुमारे 205 मिलिमीटर रुंदीची, स्प्रिंगची बी67 आणि थोडे उंच हँडल अशी जोडी पाहावी लागेल, आणि त्यासाठी सायकल समोर असणे आवश्यक आहे.